विषाद आणि विस्मृती

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की वृद्धांच्या प्रत्येक विसरण्याला ती एकच कारण चिकटवते हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विसरण्याचेही प्रकार असतात. ते ओळखण्याची रीत पाठचिकित्सेहून फारशी वेगळी नाही, हे आम्हांस घरातल्या दोन वडीलधाऱ्यांमुळे उमगले. साताऱ्याच्या आत्या आणि सांगलीचे काका ही सख्खी भावंडे.

यजमान गेल्यावर आत्या अबोल झाल्या. गॅसवर दूध ठेवून विसरत, औषध घेतले की नाही ते त्यांना सांगता येत नसे, आणि ‘माझं डोकंच गेलं’ असे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. काका निवृत्त शिक्षक आणि बोलके. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी कुठवर चढले होते, ते पायरी-पायरीने सांगत. नातलगांचे निदान ठरून गेले होते : आत्यांना चळ लागला, काका ठणठणीत.

डॉक्टरांनी दोघांचीही स्मृतिचाचणी घेतली. १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी सिद्ध केलेली ही ३० गुणांची प्रश्नावली. वार, तारीख, ठिकाण सांगणे, तीन शब्द ध्यानात ठेवणे, शंभरातून सात-सात वजा करणे, एक वाक्य लिहिणे, आकृती उतरवणे. २४ हून कमी गुण पडले तर सर्वसाधारणपणे शंका घेतली जाते. आत्यांना २१ पडले, काकांना २६. बेरीज नातलगांच्या बाजूने होती.

पण आत्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ही प्रश्नावली स्मृतीबरोबर नकळत शाळाही मोजते. म्हणूनच मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर ग्रामस्थांसाठी १९९५ साली तिचे हिंदी रूप प्रसिद्ध केले, तेव्हा केवळ भाषांतर केले नाही. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगणे, असे बदल केले. भाषांतर शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर न्यावे.

डॉक्टरांनी मग गुणांकडे न पाहता चुकांकडे पाहिले. आत्या प्रत्येक प्रश्नाला ‘मला नाही येणार’ म्हणून थांबत. थोडा धीर दिला की बरोबर उत्तर देत. काका तारीख विचारताच ‘निवृत्त माणसाला तारखेशी काय करायचंय?’ म्हणून हसत आणि काकूंकडे पाहत. पुढे शब्दांची यादी आली. प्रत्येक शब्द कोणत्या प्रकारचा, हे शिकवतानाच सांगितलेले होते. काही वेळाने दोघांनाही थोडेच शब्द आठवले. तेव्हा डॉक्टरांनी धागा दिला : ‘त्यात एक फळ होतं.’ आत्या क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘डाळिंब.’ काका ठामपणे म्हणाले, ‘द्राक्षं.’ यादीत द्राक्षे नव्हतीच.

धाग्याने आठवण वर येते, याचा अर्थ ती आत साठलेली होती. नैराश्यात लक्ष आणि उमेद खचते, त्यामुळे ती काढता येत नाही. अल्झायमरच्या आजारात नवी आठवण मुळात साठतच नाही, म्हणून धागा रिकामा परत येतो, किंवा भलतेच काही घेऊन येतो. ग्रोबर आणि बुश्के यांनी १९८७ साली याच तत्त्वावर आपली चाचणी मांडली. नैराश्यामुळे स्मृतिभ्रंशाचा आभास होतो, या अवस्थेविषयी किलोह यांनी १९६१ मध्येच लिहिले होते.

मराठी व्याकरणाला यातले काही आधीच ठाऊक असावे. ‘मी विसरले’ म्हणताना कर्तेपण आपल्याकडे येते, आणि दोषही. ‘मला आठवत नाही’ म्हणताना आठवण स्वतंत्र होते. ती येते किंवा येत नाही. आत्या सतत पहिले वाक्य बोलत. काका दोन्ही बोलत नसत.

भावे-सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेला संस्कृत पंडित आहे आणि ‘कासव’मध्ये नैराश्याने ग्रासलेला तरुण. पडद्यावर हे दोन चित्रपट वेगळे राहतात. घरात मात्र दोन्ही दुःखे एकाच दाराने येतात. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा; दुसऱ्यात स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश होतो असा क्रम सांगितला आहे; आणि अठराव्यात अर्जुन स्मृती परत मिळाल्याचे सांगतो. तिथला अर्थ वैद्यकाचा नव्हे. तरी विषादाने झाकलेली स्मृती परत मिळू शकते, एवढी आशा आम्ही त्यातून घेतली.

रक्तातील थायरॉइड आणि बी-१२ तपासून आत्यांना नैराश्यावरचे औषध सुरू झाले. शेजारच्या दोघीजणी रोज फिरायला नेऊ लागल्या. सहा महिन्यांनी त्यांना २६ गुण पडले, काकांना २२. सगळीच प्रकरणे अशी स्पष्ट नसतात. उतारवयातले नैराश्य कधी स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूल असते, कधी दोन्ही एकत्र नांदतात. म्हणून आत्यांची चाचणी दर वर्षी व्हायची आहे. काकांचा आजार पुरता बरा करणारा उपाय नाही. पण निदान वेळेवर झाल्याने बँकेची आणि घराची कागदपत्रे त्यांनी समजून-उमजून, स्वतःच्या सहीने पुरी केली.

आत्या आता रोज संध्याकाळी सांगलीला फोन करतात. काका तेच पुन्हा विचारतात, त्या तेच पुन्हा सांगतात. कोणी काकांना विसराळू म्हटले, तर आत्या शांतपणे दुरुस्त करतात : ‘तो विसरत नाही. त्याला आठवत नाही.’