आकड्याखालची यादी

डिसेंबर २०१२मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगवरून संसदेत गदारोळ झाला. सुमारे अडीच कोटी डॉलर, म्हणजे सव्वाशे कोटी रुपये, हा आकडा दिवसभर फिरत राहिला. तो आला होता अमेरिकेत भरलेल्या विवरणपत्रांतून. अशी पत्रं वाचून डोळे तयार झालेला अभ्यासक आधी आकड्याखालची यादी पाहतो. भारतात गुंतवणुकीला वाव मिळावा, हा त्या यादीतला एक विषय होता, बाकीचे अनेक. रक्कम मात्र सगळ्यांची मिळून एकच. भारतापायी किती खर्च झाला, हे त्या कागदांवरून काढताच येत नाही.

लॉबिंगच्या अभ्यासात असे कागदच हाती लागतात. अमेरिकेत १९९५च्या कायद्याने लॉबीइस्टला ग्राहक, विषय आणि रक्कम जाहीर करावी लागते, २००७च्या दुरुस्तीपासून दर तिमाहीला. नेमक्या कोणत्या सिनेटरला गाठलं, हे लिहावं लागत नाही.

मग खर्च आणि मंजूर झालेला कायदा शेजारी मांडायचा मोह होतो. पण पैसे ओतले म्हणून कायदा झाला, की कायदा होणार असं दिसल्यावर पैसे ओतले? यातून एक वाट काढताना राज्यशास्त्रज्ञ फ्रँक बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी गाजलेली प्रकरणं बाजूला ठेवली. सोडत काढावी तसे लॉबीइस्ट निवडले, सध्या हातात काय आहे ते विचारलं आणि मिळालेल्या ९८ विषयांचा चार वर्षं माग काढला. बहुतेक विषयांत काहीच बदललं नाही. या क्षेत्रातली ही सर्वांत मोलाची नोंद म्हणावी लागेल, कारण आहे ते तसंच राखणं हेही लॉबीइस्टचं यशच, आणि ते बातमीत कधी येत नाही.

दुसरी वाट प्रयोगाची. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांच्या २०१६च्या अभ्यासात एका संघटनेने १९१ लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांकडे भेट मागितली. येणारे लोक देणगीदार आहेत, हे काहींनाच सांगितलं. कोणाला सांगायचं, ते सोडतीने ठरलं. जिथे सांगितलं, तिथे वरिष्ठ मंडळी तिपटीहून अधिक वेळा भेटीला आली. भेट मिळाली, एवढंच यातून सिद्ध होतं. मत फिरलं की नाही, हा वेगळा प्रश्न.

भारतात अशी विवरणपत्रं बंधनकारक करणारा कायदा नाही. तो हवाच. तोवर इथल्या अभ्यासकांनी संसदेच्या स्थायी समित्यांचे अहवाल उघडावेत. साक्ष द्यायला आलेल्या संस्थांची नावं त्यांत छापलेली असतात.