अण्णांचा रिपोर्ट आणि वहिनींच्या पुड्या

पोस्ट मोठी आहे. घरातलं आहे, पण बऱ्याच घरांतलं असणार म्हणून इथे लिहितेय.

गेल्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, न्यूमोनियाने आयसीयूत होते. व्हेंटिलेटर लागला. आठव्या दिवशी रक्तात दुसरंच इन्फेक्शन निघालं, आयसीयूतच लागलेलं. त्याच दिवशी रिपोर्टांच्या गठ्ठ्यात एक कागद होता : व्हिटॅमिन डी ८. खाली लाल अक्षरांत ‘कमतरता’.

आत्याने तो कागद बघितला आणि तिला आठवलं, डॉक्टरांनी अण्णांना आठवड्याला एक, दुधातून घ्यायच्या ६०,००० युनिटच्या पुड्या लिहून दिल्या होत्या. त्यातल्या चार कपाटात तशाच होत्या. अण्णा गेले, आणि तेराव्याला चार बायकांसमोर आत्या बोलली, “पुड्या वेळेवर दिल्या असत्या तर माझा भाऊ असा गेला नसता.” बघत होती वहिनींकडे. दोन वर्षं अण्णांचं सगळं ज्यांनी केलं, त्यांच्याकडे. दादा गप्प. मीही गप्प. खरं सांगते, तेव्हा मलाही आत कुठेतरी तसंच वाटलं होतं.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. नंतर मिळेल ते वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना छळलं.

आत्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. आपल्या पांढऱ्या पेशी डी जीवनसत्त्वाच्या मदतीने कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं प्रथिन बनवतात. आयसीयूतल्या ज्यांचं डी कमी, त्यांच्यात इन्फेक्शन आणि मृत्यू जास्त दिसतात, हेही खरं. (सोलापूरच्या उन्हात राहून डी कमी कसं, असं विचारू नका. गुडघे गेल्यापासून अण्णा उंबऱ्याबाहेर पडलेच नव्हते.)

पण मग डी दिलं की माणूस वाचतो का? हे तपासून झालंय. ऑस्ट्रियात ग्राझ शहरात ४९२ आयसीयू पेशंटांवर प्रयोग झाला, २०१४ मध्ये छापून आला. निम्म्यांना आधी ५,४०,००० युनिटचा डोस, मग दर महिन्याला थोडा थोडा. हॉस्पिटलातले दिवस काही कमी झाले नाहीत. फक्त ज्यांचं डी १२ किंवा त्याहून कमी होतं, त्यांच्यात हॉस्पिटलातले मृत्यू कमी दिसले. सगळ्यांच्या आशा वाढल्या. म्हणून अमेरिकेत हजाराहून जास्त पेशंटांवर तेवढाच एक डोस देऊन बघितला, निकाल २०१९ चा. ९० दिवसांत डी दिलेल्यांत २३.५ टक्के गेले, न दिलेल्यांत २०.६. म्हणजे फायदा नाहीच. पुढे कोविडमध्ये ब्राझीलमध्ये २,००,००० युनिट देऊन बघितलं, तिथेही पेशंट लवकर घरी गेले नाहीत.

मला सगळ्यात हलवलं ते वेगळंच. माणूस अत्यवस्थ झाला की डीचा आकडा आपोआप खाली येतो. डीला रक्तातून वाहून नेणारं प्रथिन कमी होतं, सलाइनच्या बाटल्यांनी रक्त पातळ होतं. म्हणजे आठव्या दिवशीचा तो ८, त्यातला काही भाग तरी आजारानेच आणलेला असणार. आम्ही त्याला आजाराचं कारण समजून बसलो.

पुड्या वाया जातात असं मी म्हणत नाहीये. हाडांसाठी लिहून दिल्या असतील तर घ्या, पण आठवड्याची पुडी रोज घेऊ नका. रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनी जाते.

आता मला दुसरंच आठवतं. आयसीयूच्या दाराशी हात धुवायची बाटली तीन दिवस रिकामी होती. आम्ही नातेवाईक तसेच आत जाऊन अण्णांचा हात धरायचो. रात्री एक सिस्टर किती पेशंट बघते, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. मानेतली नळी अजून गरजेची आहे का, हेही नाही. अण्णांना इन्फेक्शन यातल्याच कशाने झालं, असं मी म्हणू शकत नाही. पण आयसीयूतली इन्फेक्शन्स कमी होतात ती हात धुण्याने, नळ्या वेळेवर काढल्याने, पुरेशा सिस्टर असल्याने, हे पक्कं ठाऊक आहे. त्यावर तेराव्याला कुणी बोललं नाही. सून समोर होती ना.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. आत्या येईल. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ही पोस्ट तिला मोठ्याने वाचून दाखवायची असं दादाला सांगितलंय, वहिनी स्वयंपाकघरात ऐकत असताना.