रेघेचे घर, अक्षराचे घर

चेन्नईच्या एग्मोर भागातील कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय १८९६ साली वाचकांना खुले झाले. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे जावी लागते, त्यांपैकी हे एक होय. पुण्या-मुंबईचे मराठी पुस्तक असे तमिळ भूमीवर पोचते आणि सूचीत शिरते. सूची म्हटली की रेघा आल्याच. कागदावर रेघ आणि अक्षर यांचे कधी भांडण झाले नाही; संगणकाच्या पडद्यावर मात्र झाले.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात चिन्हांसाठी २५६ घरे होती. पहिली १२८ इंग्रजी अक्षरे, अंक व खुणा यांना. पुढील भागातील १७६ ते २२३ ही घरे चौकटीच्या रेघांना व ठोकळ्यांना. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये मानक ठरलेल्या इस्की संकेतानेही वर्णमाला याच वरच्या अर्ध्या भागात बसविली. एका घरात दोन बिऱ्हाडे! १७९ क्रमांकावर तिकडे उभी रेघ, इकडे ‘क’. १९६ वर तिकडे आडवी रेघ, इकडे ‘द’. इंग्रजी प्रोग्रामची चौकट इस्कीच्या नियमाने वाचली, तर तिच्या जागी ‘दददद’ अशी ओळ उभी राहणार.

यावर निघालेला तोडगा विचार करण्याजोगा आहे. वैयक्तिक संगणकापुरते वर्णमालेचेच दोन भाग केले गेले आणि मधली रेघांची घरे मोकळी राखली गेली. रूढ झालेले प्रोग्राम टाकून देणे कोणास परवडणार? व्यवहार म्हणून हे शहाणपणाचेच होते. तरीही पाहुण्याच्या चौकटीसाठी घरच्या वर्णमालेने सरकून बसावे, ही सल उरतेच.

मराठीला रेघेचे वावडे मुळीच नव्हते. एग्मोर स्थानकातून ज्या तंजावरकडे गाड्या सुटतात, तेथील मराठी दरबारात मोडी चालत असे. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे टांगी. तेथे रेघ अक्षरासाठी होती.

१९९१ मध्येच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने दोघांना निरनिराळी घरे दिली. जागेचा तंटा मिटला, मापाचा राहिला. टर्मिनलचा पडदा सारख्या चौकोनांचा असतो. ‘त्र्यं’सारखे जोडाक्षर किती चौकोन व्यापते, याविषयी प्रोग्राम आणि पडदा यांचे एकमत होतेच असे नाही. मग ‘त्र्यंबक’ नावाच्या ओळीपुरती चौकटीची उजवी रेघ जागची हलते. पाहणाऱ्यास वाटते, मराठी अक्षरच चुकले. ती चूक मात्र चौकोन आखणाराची आहे.