गारांची तजवीज

बर्फ पडण्यापूर्वीं घराची डागडुजी कशी करावी, छपरावरचा भार कसा उतरवावा, पाण्याच्या नळांस काय गुंडाळावें, याविषयींचें शहाणपण थंड देशांत घरोघर असतें. आमच्या गिरडास त्याचें काय? वैशाखांत जेथें कवेलूवर हात ठेववत नाहीं, तेथें बर्फाची तजवीज करणें म्हणजे मारवाडांत होडी बांधणें, असें वाचकांस वाटेल. तथापि बर्फ आमच्याकडेही येतो. तो थंड देशांतल्यासारखा सावकाश सांचत नाहीं. माघ-फाल्गुनांत, गहूं ओंबीवर आणि हरभरा घाट्यावर आला असतां, तो पाव घटकेंत गारेच्या रूपानें येतो आणि वर्षाचा हिशेब पुरा करून जातो.

येथल्या टेकडीवर शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा आहे. टेकडीवर जायफळासारखे गोल गोटे सांपडतात; फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल त्याच्या शब्दानें दगड झाला, तेच हे गोटे, अशी कथा आहे. आमच्या घरीं गारेचें माप या गोट्यांवरूनच सांगत. कथेंत मालाचा दगड झाला. गारपिटींत दगडानें माल जातो. दोहोंतला कोणता शाप बरा, हें कास्तकारानेंच ठरवावें!

घराची तयारी ती केवढी? सांदवाडींत भिंतीशीं जुने शाबूत कवेलू रचून ठेवावे, कुटाराच्या ढिगावर ताडपत्री ओढावी, आभाळ भरूं लागलें कीं ढोरें कोठ्यांत घ्यावीं. संपलें. पण शिवाराचें काय करावें? तीन एकर गव्हावर छप्पर घालणारा गवंडी अजून जन्मास यावयाचा आहे.

म्हणून मागील पिढ्यांनीं शिवारासाठीं एक माणूसच ठेवला होता. त्यास गारपगारी म्हणत. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या गांवचाकराचें वर्णन आलें आहे. वर्धा जिल्हा त्या वेळीं मध्यप्रांतांतच होता. रात्रीं आभाळ काळें-तांबडें झालें कीं हा तलवार घेऊन मारुतीपुढें उभा राही. आधीं विनवणी करी. देव ऐकेना तर धमकी देई. अंगावरचीं वस्त्रें टाकून जीव देण्याची भाषा बोले, आणि कधीं बायकामुलांनाही देवापुढें उभें करी. पूर्वीं तो अंगावर वार करून घेई असें सांगत. ग्रंथ लिहिला गेला त्या काळापर्यंत बोटांतून थोडें रक्त काढण्यावर तें येऊन ठेपलें होतें. या चाकरीबद्दल कास्तकार त्यास धान्य देत.

आम्हांस या प्रकाराचें हसूं येत नाहीं, आणि कौतुक तर मुळींच वाटत नाहीं. तापल्या जमिनीवरून उसळलेली हवा थेंबांस गोठण्याच्या उंचीवर नेते, तेथें पुटावर पूट चढतें, आणि भार असह्य झाला कीं गार खालीं येते. फोडून पाहिली तर पुष्कळदां आंत कांद्यासारखीं वलयें दिसतात. तेथवर तलवार पोंचत नाहीं. परंतु साऱ्या गांवानें पायली-दोन पायल्यांत आपलें भय एका दरिद्री माणसाच्या अंगावर टाकून निजावें, ही गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. एवढें मात्र खरें कीं, तें धान्य ज्याचें शेत झोडपलें गेलें तोही देई आणि ज्याचें वांचलें तोही देई.

आतां धान्याच्या जागीं विम्याचा हप्ता आला आहे. नागपूरचें हवामान केंद्र इशारा देतें; त्यानें माणसें-ढोरें वांचतात, उभा गहूं वांचत नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, ती अजून कोणी विसरलेलें नाहीं. पुढें २०१६ सालीं प्रधानमंत्री पीकविमा योजना निघाली. तींत गारपीट ही स्थानिक आपत्ति धरली होती, आणि नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आंत कळवावें असा नियम झाला; म्हणजे एकेका शेताची पाहणी होण्याची निदान सोय होती. २०२५ सालीं राज्यानें ती वाट सोडली आणि पीककापणीच्या प्रयोगांतून मंडळाचें जें सरासरी उत्पन्न निघेल त्यावर भरपाई ठरविण्याचें धोरण घेतलें.

आतां गारेचा स्वभाव असा कीं ती सरासरीनें पडत नाहीं. ती पट्ट्यानें पडते. एकाच धुऱ्याच्या अलीकडे नुसत्या काड्या उभ्या राहतात आणि पलीकडे ओंब्या डोलत असतात. मंडळाच्या हिशेबांत दोन्ही एक होतात, आणि काड्यांच्या धन्यास कागदावर बरें पीक आलेलें असतें.

यंदाही आम्हीं सांदवाडींत चाळीस कवेलू रचून ठेवले आहेत. घरास तेवढे पुरतात. गव्हासाठीं काय रचून ठेवावें, असें शेजारच्या कास्तकारानें परवां विचारलें, तेव्हां आम्हीं त्यास हप्ता भरण्याची शेवटची तारीख सांगितली.