मात्सुमोतोतले नव्वद दिवस

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वृद्ध माणसे प्रवासाला भिणारी नव्हेत. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडली जाईपर्यंत कर्जत स्थानकावर थांबणे, चतुर्थीला महडच्या वरदविनायकाला जाऊन येणे, भर पावसात पाताळगंगेकाठच्या वाटा तुडवणे, यांत त्यांचे आयुष्य गेलेले असते. अलीकडे मात्र ही मंडळी दवाखान्यात एक नवा प्रश्न घेऊन येतात : "डॉक्टर, लेकीकडे तीन महिने जायचंय. गोळ्या किती नेऊ?" लेक कधी मस्कतला असते, कधी सिंगापूरला. आमच्या घरी ती जपानात आहे, म्हणून त्या देशाविषयी चार गोष्टी अनुभवाने लिहितो.

माझी धाकटी बहीण नागानो प्रांतातील मात्सुमोतो शहरात, माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. मराठी माणसाने जपानात शिक्षक व्हावे, याचे आता नवल उरलेले नाही. २०१९ साली तोक्योच्या एदोगावा प्रभागसभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पुढे इबाराकी प्रांतातील एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. माझ्या बहिणीचे काम त्या मानाने साधे. तिचा करार वर्षावर्षाने वाढतो आणि पुढील वर्षी राहणार की नाही, हे तिला हिवाळ्यातच कळवावे लागते. वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी आई तिच्याकडे गेली, त्यामुळे त्या निर्णयाला वेगळेच वजन आले होते. आईने कर्जतला एकटीने राहावे की बहिणीने नोकरी सोडून परतावे, हा प्रश्न कोणी उघड बोलत नव्हते. परंतु सगळे त्याच्याभोवतीच फिरत होते.

आई शहात्तर वर्षांची. खालापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही जुने, दोन्ही आटोक्यात. ऑक्टोबरात ती गेली आणि डिसेंबरच्या अखेरीस तिला आणायला मी गेलो, तेव्हा दहा दिवस तिथे राहिलो.

मात्सुमोतो समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या माथेरानपेक्षाही कमी. पण डिसेंबरात तिथे पहाटे पारा शून्याखाली असतो आणि पश्चिमेकडचे डोंगर पांढरेशुभ्र दिसतात. बहिणीचे घर लाकडी, दोन खोल्यांचे. जपानी घर सबंध तापवत नाहीत. माणूस बसतो ती खोली तेवढी उबदार ठेवतात. बाकी घर, विशेषतः न्हाणीघर आणि त्याच्या बाहेरची कपडे बदलण्याची जागा, बाहेरच्याइतकीच गार. ही बाब मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचा प्रसंग तीतूनच घडला.

बहीण सकाळी साडेसातला निघे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला परते. मधले दहा तास आई एकटी. कर्जतच्या घरी दारावरून मासळीवाली जाते, शेजारीण डोकावते, गाड्यांचे आवाज येतात. तिथे दुपारी गल्लीत पान हलले तरी ऐकू यावे इतकी शांतता. पहिल्या पंधरवड्यात आईचे जेवण निम्म्यावर आले, झोप उडाली. बहिणीला वाटले पोट बिघडले. पोटाला काही झाले नव्हते. घरात बोलायला माणूस नसले की वृद्ध माणसाची भूक आधी जाते, हे दवाखान्यात मी नेहमी पाहतो.

यावर उपाय आईनेच शोधला. जपानात सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो. १९२८ पासूनची ती प्रथा आहे. जवळच्या बागेत आठ-दहा आजी-आजोबा त्या सुरांवर हातपाय हलवीत. आई एके दिवशी त्यांच्यात जाऊन उभी राहिली. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती, पण तीस वर्षे कवायत घेतलेल्या बाईला सूचना समजायला भाषा लागत नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी तिला पेरूसारखे दिसणारे केशरी फळ, काकी, दिले. आईने त्यांना थालीपीठ नेऊन दिले. मग भूकही परतली.

शाळेतही आई एकदा जाऊन आली. जेवण झाल्यावर मुलांनी वर्ग, जिने, संडास स्वतः झाडून-पुसून घेतले, हे तिने डोळ्यांनी पाहिले. "आमच्या वाडीवरच्या शाळेत मुलं शेणानं वर्ग सारवायची, त्यात काय नवं?" असे म्हणून तिने तो विषय संपवला. पण बहीण फळ्यासमोर उभी राहिल्यावर आई मागच्या बाकावर जी बसली, ती तास संपेपर्यंत हलली नाही.

आता तो प्रसंग. नोव्हेंबरच्या अखेरीस, दुपारी घरात कोणी नसताना, आई टबातल्या गरम पाण्यात बसली. जपानी टब खोल, गळ्यापर्यंत पाण्याचा. वीसेक मिनिटांनी ती उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सुदैवाने भिंतीचा दांडा हाताशी होता. ती खाली टेकली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. कारण सरळ आहे. गार खोलीत कपडे काढताना रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. गरम पाण्यात त्या एकदम सैलावतात, दाब उतरतो. त्यात रक्तदाबाची गोळी पोटात असली आणि माणूस झटकन उभा राहिला, की मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते. जपानात दर हिवाळ्यात याच कारणाने अनेक वृद्ध टबात दगावतात. तिथले सरकार सांगते की पाणी ४१ अंशांपर्यंतच असावे, टबात दहा मिनिटांहून अधिक बसू नये आणि कपडे बदलण्याची जागा आधी उबदार करून घ्यावी. मी आईसाठी यात एवढीच भर घातली की घरात कोणी असतानाच आंघोळ करावी आणि जेवल्याबरोबर करू नये. तिथल्या गरम मेजाविषयीही बजावले. कोतात्सू म्हणतात त्याला. पांघरुणाखाली पाय घालून बसतात. मधुमेहाने पायांची जाणीव बोथट झाली असेल, तर मंद उष्णतेनेही भाजते आणि कळत नाही.

नागानोत असताना मला एका डॉक्टरांची फार आठवण झाली. वाकात्सुकी तोशिकाझु १९४५ मध्ये याच प्रांतातील साकू येथील रुग्णालयात आले आणि शेतकऱ्यांना आरोग्य शिकवण्यासाठी गावोगाव नाटके करू लागले. १९७६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा प्रांत एकेकाळी पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंसाठी ओळखला जाई, कारण लांबलचक हिवाळ्यात खारवलेल्या भाज्या आणि खारट मिसो सूप हेच मुख्य अन्न. गावातल्या साध्या बायकांनी घरोघर जाऊन सुपातले मीठ मोजले, कमी करायला लावले. २०१० च्या आकडेवारीत स्त्री आणि पुरुष या दोघांच्याही आयुर्मानात नागानो देशात पहिला होता. आपल्याकडे लोणचे, पापड, सुके बोंबील ताटात असतात तोवर जपान्यांच्या मिठाला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, एवढेच मीठ पुरे.

औषधांचे थोडक्यात. जपानात डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून अधिक न्यायची तर निघण्यापूर्वी तिथल्या आरोग्य खात्याकडून परवाना घ्यावा लागतो. इन्सुलीनलाही हेच लागू. कोडीन असलेले खोकल्याचे औषध पिशवीत मुळीच नको. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यावे. पाहुण्यांना तिथला सरकारी विमा मिळत नाही, सबंध खर्च खिशातून होतो. म्हणून जुने आजार सामावणारा प्रवास विमा आधी काढावा. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९, ती मात्र विनामूल्य येते.

टबाचा प्रसंग आईने बहिणीला सांगितला तो दोन दिवसांनी. त्या रात्री बहिणीने शाळेला नकार कळवायचे ठरवले होते. मी पोचलो तेव्हा कागद टेबलावर होता, सही व्हायची होती. आईने तो वाचला. इंग्रजी असल्याने सावकाश वाचला.

"माझ्या दहा तासांसाठी तू तुझा वर्ग सोडणार?" तिने विचारले. "मी तुझ्या बापाच्या आजारपणातही सोडला नव्हता."

बहीण काही बोलली नाही. कागद तिने दप्तरात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सहीविना परत आणला. आम्ही तिघांनी मग वहीत हिशेब मांडला. आई कर्जतलाच राहील. रात्री सोबतीला ओळखीतली बाई येईल. दर रविवारी फोन, तिथले रात्रीचे साडेआठ म्हणजे इथले पाच. जपानला पुन्हा जायचे ते मे महिन्यात, थंडी सरल्यावर. न्हाणीघराच्या दाराबाहेर बहिणीने एक छोटा विजेचा हीटर लावून घेतला आहे. शेजारच्या आजींना आईने कर्जतहून मेतकूट पाठवले. पाकिटावर काय लिहायचे यावरून बहिणीची पंचाईत झाली, कारण मेतकुटाला जपानीत शब्दच नाही.