चावरे चिरंजीव

आमचे धाकटे चिरंजीव पावणेदोन वर्षांचे. गेल्या महिन्यात शेजारच्या चिंगीच्या दंडाला असे कडकडून चावले, की दातांची माळच उमटली. मी ताडकन चापट दिली. त्याने लगेच तश्शीच चिंगीला दिली! आणि मी म्हणे शाळेत मुलं सांभाळते. चिंगीच्या आईने आठ दिवस तिला पाठवलं नाही.

वन्सं म्हणाल्या, "तूही चावून दाखव." नको गं बाई! नुसती पाहत राहिले. भूक लागलेली असताना कुणी खेळणं ओढलं, की हमखास चावणार. 'दे' म्हणता येत नाही, दात तेवढे आलेत. आता आधी रडणाऱ्याला जवळ घेते, मग याचा हात धरून सांगते, "चावायचं नाही. 'माझं' म्हण."

काल "माजं!" म्हणून किंचाळला. चावला तो नंतर.