पुन्हा पहिला अंक

३० ऑगस्ट २०११, एडिसन
आयरीन वादळ गेलं. तळघरातलं पाणी अजून उपसतोय. वरच्या फळीवरचे खोके कोरडे. आधी तेच पाहिलं. सगळ्यात वर बॅटमॅनच्या डिटेक्टिव्ह कॉमिक्सचा ८८१वा अंक. यापुढे ८८२ नाही. मार्च १९३७पासून हा आकडा एकदाही मागे आला नव्हता. महायुद्धातही नाही.

३१ ऑगस्ट
आज जस्टिस लीगचा नवा अंक १. टाइम्स स्क्वेअरच्या दुकानात मध्यरात्री विक्री, लेखक जॉफ जॉन्स आणि चित्रकार जिम ली सह्या द्यायला हजर. महिन्याभरात प्रकाशक डीसीची ५२ मासिकं, सगळी १पासून. कारण कळतं. ८८१ पाहून नवा वाचक दारातूनच परततो. आमच्याच घरात घडलंय. लेकीने गेल्या वर्षी खोका उघडला. "आई, हे सगळं आधी वाचायचं?" खोका बंद.

१ सप्टेंबर
गणपती बसले. मोदक एकही फुटला नाही. आरती झाल्यावर लेकीचा प्रश्न : "एक नंबर कधी येणार?" पुढच्या बुधवारी.

२ सप्टेंबर
दीड दिवसाचं विसर्जन. घर सुनं.

५ सप्टेंबर
८८१ पुन्हा वाचला. स्कॉट स्नायडरची कथा, जॉक आणि फ्रान्सेस्को फ्राँकाव्हिला यांची चित्रं. पोलीस आयुक्त गॉर्डनच्या पोटचा मुलगाच गुन्हेगार. बाप सगळं ओळखून आहे आणि तरी मनाला पटवून घेत नाही. अशा उंचीवर मासिक असताना आकडा पुसायचा. जीव तुटतो.

७ सप्टेंबर, बुधवार
सकाळपासून धो धो पाऊस. तरी दुकानात रांग. अ‍ॅक्शन कॉमिक्सचा अंक १ही आजच. डिटेक्टिव्हच्या अंक १ची माझी प्रत नावाने बाजूला काढलेली. २ डॉलर ९९ सेंट. आता हाच अंक त्याच दिवशी पडद्यावरही मिळतो. मला कागद हवा.

गाडीतच वाचला. कथा आणि चित्रं दोन्ही टोनी डॅनियलची. रात्रीचं गॉथम सुरेख उतरलंय. बॅटमॅन जोकरच्या मागावर. पोलीस बॅटमॅनच्या मागावर, गॉर्डन तेवढा त्याच्या बाजूने. जोकर सापडतो, अर्कमच्या वेड्यांच्या इस्पितळात जातो. तिथे कोठडीत डॉलमेकर नावाचा खलनायक येतो. शेवटचं पान : जोकरचा सोललेला चेहरा भिंतीवर. त्याच्याच मर्जीने सोललेला.

किती तरी वेळ गाडी सुरू केली नाही.

लेक शाळेतून आली ती विचारतच. "आणलास?" आणलाय, आधी मी नीट वाचते. कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. तिचा चेहरा उतरला.

८ सप्टेंबर
नवरा म्हणतो, शेवटचं पान काढून दे तिला. नाही. अर्धी गोष्ट कुणाला देऊ नये.

रात्री पुन्हा वाचला. पाठलाग आहे, मारामारी आहे, धक्का आहे. वाचकाने डोकं लढवावं अशी जागा शोधत राहिले. मासिकाच्या नावातच डिटेक्टिव्ह आहे.

९ सप्टेंबर
श्रेयनामावली पाहिली. बॅटमॅनचा निर्माता म्हणून एकट्या बॉब केनचं नाव. १९३९मध्ये डिटेक्टिव्हच्या २७व्या अंकातली त्याची पहिली गोष्ट लिहिली बिल फिंगरने. १९७४ साली तो गेला. सगळं नव्याने मांडायचं होतं, तर हीच संधी होती. एक ओळ पुरली असती.

११ सप्टेंबर
न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याला दहा वर्षं. सगळ्या वाहिन्यांवर तेच मनोरे, तेच विमान. लेक तेव्हा वर्षाची होती. आज सोफ्यावर बसून सगळं पाहिलं. नजर हटवली नाही. मग एकामागून एक प्रश्न. कुणी केलं? का केलं? त्यांना आधी कसं कळलं नाही? नवरा आणि मी आळीपाळीने सांगत होतो. जेवढं माहीत तेवढं.

१३ सप्टेंबर
वाचनालयातून जुन्या बॅटमॅनकथांचा संग्रह आणला. २७व्या अंकातली गोष्ट त्यात आहे. उणीपुरी सहा पानं.

१४ सप्टेंबर
जेवणानंतर दोघी मिळून वाचली. रसायनांचा धंदा, चौघांची जुनी भागीदारी. लँबर्टचा खून. सुरीवर मुलाच्या बोटांचे ठसे. मरताना बाप एकच शब्द बोलला : करार. मग क्रेनला धमकी, त्याचाही खून, कागद चोरीला.

इथे लेकीने हाताने पान झाकलं. "थांब. उरले कोण? रॉजर्स आणि स्ट्रायकर. कागद कुणाला हवाय?" दोन मिनिटं विचार. "स्ट्रायकर. पैसे त्याला द्यायचे असणार."

बरोबर. भागीदारांना दरवर्षी पैसे देऊन धंदा हळूहळू आपल्या नावावर करायचा, असा त्याचा गुप्त करार. थांबवेना म्हणून एकेकाला संपवत होता.

शेवटी स्ट्रायकर आम्लाच्या टाकीत पडतो. बॅटमॅनला त्याचं दुःख नाही. लेक गप्प झाली. मग म्हणाली, "हे बरोबर नाही केलं त्याने. पकडून द्यायला हवं होतं." दिवे मालवेपर्यंत त्यावरच बोलणं.

मरण १९३९मध्येही आहे. क्रूरही आहे. तिने ते पेललं. का घडलं ते तिला ठाऊक होतं.

२१ सप्टेंबर, बुधवार
बॅटमॅन अंक १. स्नायडर, चित्रं ग्रेग कापुलो. सुऱ्यांनी भोसकलेलं प्रेत इथेही आहे. ते पान कसं आहे हे लेकीला आधी सांगितलं, मग दाखवलं. मृताच्या नखांखाली दुसऱ्या कुणाची तरी त्वचा. बॅटमॅन तपासतो. जुळते ती डिक ग्रेसनशी. त्याने स्वतः वाढवलेला मुलगा.

लेक ताडकन उठली. "तो नाही! कुणीतरी त्याला अडकवतंय." वहीत संशयितांची यादी. दोन नावं खोडली, एक वाढवलं.

२२ सप्टेंबर
सकाळी बसच्या थांब्यावर यादी बदलली.

५ ऑक्टोबर, बुधवार
डिटेक्टिव्ह अंक २. डॉलमेकरचाच धागा. वाचला. वरच्या खणात. लेकीला कारण सांगितलं : चित्रं भयंकर आहेत, आणि तुला सोडवायला त्यात कोडं नाही. मोठी झालीस की स्वतः ठरव. तिला पटलं. निदान भांडली नाही.

दुकानदाराला सांगून आले : डिटेक्टिव्ह चालू ठेवा, माझ्यापुरतं. सोडणार नाही, इतक्या वर्षांचं नातं आहे. बॅटमॅनच्या मात्र दोन प्रती बाजूला काढा. लेकीला स्वतःची हवी. ती समासात पेन्सिलीने लिहिते.